कपाचा कान

टर्की ब्रँच, अलाबामा
१३ फेब्रुवारी १९७७

बाळ थर्मन,

आधी तू कसा आहेस ते सांग. तो गुडघा अजून थंडीत धरतो का? तिकडे टोरांटोत थंडी आपल्या विहिरीपेक्षा खोल असेल. सूनबाई मार्वा कशी आहे? भांड्यांच्या साबणाने तिच्या हातांना चिरा पडतात असं तू मागे लिहिलं होतंस. त्यावर निजताना मेंढीची चरबी चोळून जुने मोजे हातात घालायला सांग. हसेल, पण घालू दे. लेकीचे, टामिकाचे, पुढचे दात आले का? आणि तुमच्या खालच्या मजल्यावरच्या त्या पोर्तुगीज आजीबाईंचा खोकला? त्यांनाही विचारलंय म्हणून सांग, मी कोण ते कळलं नाही तरी चालेल.

इकडे तुझा भाऊ क्लेबर्न बरा आहे. लाकडाच्या गिरणीतून घरी येतो आणि कोणाशी बोलत नाही, म्हणजे प्रकृती नेहमीसारखी. त्याची झेनोबिया बरी. माझे दात गेले, डोळे शाबूत आहेत, तेव्हा खाता येत नाही पण कोण काय खातंय ते दिसतं. तुझी आई अर्लीन बरी आहे. जरा थकली आहे, इतकंच.

रेडिओवर ऐकलं. लढाईला न जाता देश सोडून गेलेल्या तुम्हा पोरांना नव्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तव्यावर मक्याची भाकरी होती ती करपली. मी अंगणात गेले, आत आले, परत अंगणात गेले. कोंबड्यांना वाटलं दाणे टाकायला आले, त्या माझ्यामागे आत-बाहेर करायला लागल्या. तुझे बाबा, माझा अ‍ॅम्ब्रोज, नोव्हेंबरात गेला आणि माफी आली जानेवारीत. ज्याने जन्मात कुठे उशिरा गाडी पोचवली नाही, त्याच्याच बाबतीत सरकारची गाडी उशिरा आली.

त्याचा दगड आलाय. सैन्याकडून येतो तो, कबरीवर लावायचा पांढरा. ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागतो. दगडावर नाव आहे, हुद्दा आहे, लढाई आहे, बस. मी रोज त्याच्याकडे बघते आणि मनात म्हणते, अरे, उरलेला माणूस कुठे गेला? त्याने भंगारातून आणलेली ती शाळेची बस त्यावर नाही, जिचे दरवाजे दोरीने बांधायचा आणि नदीपलीकडची आपली सगळी पोरं शाळेत न्यायचा, कारण काळ्या पोरांना जिल्ह्याची बस नव्हती. शनिवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे जोडे ओळीने मांडून पुसायचा ते नाही. पुसताना बेसूर गायचा आणि अर्लीन आतून ओरडायची, "अहो, जोडे राहू देत मळके, पण गाणं थांबवा!" तेही नाही.

कबरी झाडायचा रविवार तुला आठवतो ना? मे महिन्यातला तिसरा. त्या दिवशी दगड बसवायचा आहे. तू ये. आता तुला कोणी अडवणार नाही. दगडाशिवाय आणखी एक लहानसं काम आहे, तेही तुझ्यावाचून अडलंय. आलास की सांगेन.

तुझी आत्या,
व्हर्नेल


६ मार्च १९७७

थर्मन,

तुझं उत्तर नाही. टपाल बर्फात अडकलं असेल असं मी लोकांना सांगते. लोक म्हणजे मीच.

मागच्या पत्रात मी तुझी आई जरा थकली आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं. आता खरं लिहिते, बसून वाच.

खिळ्यावरचे ते दोन कप तुला आठवतात. तोंड धुवायच्या घंगाळावर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. एक त्याचा, सैन्यातला, पोलादी. दुसरा तुझ्या आईचा, पांढरा चिनी मातीचा, निळ्या काठाचा. दोन्ही फ्रान्समधून आले. तिथे तो रात्रंदिवस ट्रक हाकायचा, दिवे न लावता, पुढच्या गाडीचा धूर हुंगत. पुढे लढणाऱ्यांना दारूगोळा पोचवणारे सगळे आपलेच काळे लोक, नाव मात्र पुढच्यांचं. एका पडक्या गावात त्याने एका बाईला थोडं पेट्रोल दिलं. तिच्या घराला भिंती उरल्या नव्हत्या, पण फळीवर एक कप उरला होता, तो तिने याच्या हातात ठेवला. याने तो मोज्यात गुंडाळला आणि लढाई संपेपर्यंत ते मोजे घातले नाहीत. अर्लीन म्हणते, "बाकीच्यांचे नवरे पदकं घेऊन आले, माझा घेऊन आला कप आणि पायाच्या भेगा." पण दुसऱ्या कोणाला तिने त्या कपातून कधी प्यायला दिलं नाही.

शेवटच्या दिवसांत मात्र अ‍ॅम्ब्रोजला पोलादी कप जड व्हायला लागला. तेव्हा ती त्याला आपल्या कपातून कॉफी पाजायची. क्लेबर्नने ते पाहिलं होतं. पण शेवटच्या दिवशी सकाळी मी जवळ होते, अर्लीन अंडी गोळा करायला गेली होती, तेव्हा तो म्हणाला, "व्हर्नेल, माझा कप दे. हा बायकी कप पुरे झाला." मी पोलादी कपात पाणी दिलं. दोन्ही हातांनी धरून प्याला. तेच शेवटचं.

आपली रीत तुला सांगायला नको. गेलेल्या माणसाने ज्या भांड्याला शेवटचं तोंड लावलं ते थोरल्या अपत्याने फोडायचं आणि कबरीवर ठेवायचं, म्हणजे घरच्यांशी जोडलेला दुवा तुटतो, तो सुखाने जातो आणि मागून कोणाला बोलावत नाही. तू नव्हतास. म्हणून क्लेबर्नने ते केलं आणि चर्चमधल्या सगळ्यात थोरल्या मदर सफ्रोनियांनी सांगितलं तसं मोठ्याने म्हणाला, "हे थर्मनच्या नावाने."

मी मागे होते, म्हाताऱ्या बायकांत. त्याच्या हातात काय आहे ते मला दिसलं नाही. आम्ही घरी आलो. शेजारणी जेवण मांडत होत्या, तळलेले मासे, चवळी, रताळ्याचं पुडिंग. तुझ्या आईने कॉफीसाठी हात वर केला. तिचा खिळा रिकामा होता. त्याचा कप तिथेच लटकत होता.

आईचा कप, थर्मन. जिवंत बाईचा, बाबांच्या कबरीवर फोडलेला.

ती हात तसाच वर ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. म्हणजे मलाही बोलावलंय."

त्या दिवसापासून ती निघायच्या तयारीत आहे. टोप्या वाटून टाकल्या. जांभळी टोपी झेनोबियाला दिली, ती घ्यायला तयार नव्हती. चर्चमधला पांढरा पोशाख इस्त्री करून खुर्चीवर पसरलाय. घास दोन घास खाते आणि ताट सरकवते. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हिला काही झालेलं नाही. मी म्हटलं, तेच तर झालंय.

मी मदर सफ्रोनियांकडे गेले. म्हटलं, "तुकडे उचलून आणू आणि खरा कप ठेवू." त्या म्हणाल्या, "कबरीवरचं उचलणाऱ्याच्या मागे ते येतं, व्हर्नेल. ज्याच्या नावाने ठेवलं त्यानेच उचलायचं. दुसऱ्या कोणी हात लावला तर मी तुमच्या घरात पाणीसुद्धा पिणार नाही."

मी क्लेबर्नला सांगितलं. तो म्हणतो, "आत्या, कप म्हणजे कप. भाजलेली माती. आई काळजाने खचली आहे, कपाने नाही." तोंडाने हे म्हणतो आणि आपल्या पोरांना कबरस्तानाच्या कुंपणाजवळ फिरकू देत नाही.

तेव्हा ते लहानसं काम हे आहे. तू ये. तिसऱ्या रविवारी. त्याआधी आलास तर आणखी बरं. माझा पाय घरात ठरत नाही. मी उठते, तिच्या खोलीत जाते, ती श्वास घेते का बघते, आणि काहीतरी शोधायला आले असं दाखवते. ती डोळे मिटूनच म्हणते, "वन्सं, सुया त्या डब्यात आहेत." रोज सुयाच शोधते मी.

व्हर्नेल आत्या


३ एप्रिल १९७७

थर्मन,

तुझं पत्र मिळालं. इतका लांबचा प्रवास करून दोन ओळी आल्या बिचाऱ्या. "बाबांनी माझ्यामुळे चर्चमधलं डीकनचं मानाचं बाक सोडलं. त्यांच्या कबरीला हात लावायचा हक्क मला नाही." वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं, झाडू घेतला आणि सगळं अंगण झाडलं. मग आधीच झाडलेलं पुन्हा झाडलं.

हे तुला क्लेबर्नने लिहिलं असणार. त्याला तसं वाटतं. सगळ्या चर्चला तसं वाटतं. सगळ्यांना वाटतं की थोरला लढाईला जायचं टाळून पळाला, म्हणून बापाची मान खाली गेली आणि तो डीकनांच्या बाकावरून उठून मागच्या भिंतीशी जाऊन बसला. अ‍ॅम्ब्रोजने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. तो होता तोवर मी ठेवलं. आता त्याला राग आला तर वर गेल्यावर मी बघून घेईन. लहानपणी त्याला मीच न्हाऊ घातलंय, मला नाही भीती त्याची.

पण आधी कडू ते सांगते. तुझ्यावर तो रागावला होता. खराच. सेहेचाळीस साली लढाईवरून आला तेव्हा अंगावर गणवेश होता. आपल्या बसथांब्यावर काही गोऱ्या पोरांनी त्याला घेरलं आणि कोट काढायला लावला. त्याने तो काढला, घडी घातली, काखेत धरला आणि उरलेली वाट चालत आला. दारात आला तेव्हा ओठ फुटलेला. पहिलं काय म्हणाला? "व्हर्नेल, खायला काय आहे?" कोट पेटीत गेला. बाहेर निघाला तो थेट मतदारयादीत नाव घालायला गेला त्या दिवशी. बटणं लागेनात. अर्लीन हसायला लागली. तो म्हणाला, "हसू नकोस. लागायची गरज नाही, दिसायची आहे." तोच कोट घालून त्याला निजवला आम्ही. तेव्हा लागली बटणं.

इतकं सोसून जे अंगावर घेतलं, ते पोरगं घालायला तयार नाही, हे त्याला खुपलं. "जा," म्हणाला तुला, "पण जाताना माझ्याकडे बघू नकोस." मी चुलीपाशी होते. मी ते गोड करून सांगणार नाही.

आता पुढचं ऐक. ते तुला माहीत नाही, कारण तू तोवर निघून गेला होतास.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरिफचा तो पोरगेला हवालदार आला. मी आणि अ‍ॅम्ब्रोज ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होतो. हवालदार पायरीवर बूट ठेवून उभा राहिला. अ‍ॅम्ब्रोजच्या निम्म्या वयाचा असेल.

"काय रे अ‍ॅम्ब्रोज, थोरलं कुठाय तुझं?"

"बसा साहेब. ताक घेणार?"

"ताक नको. पोरगं हवंय. सैन्याचं बोलावणं आलंय त्याला, हजर झाला नाही."

"उन्हातून आलात. व्हर्नेल, साहेबांना ताक दे."

मी ताक आणलं. तो प्यायला, ओठ पुसले. अ‍ॅम्ब्रोज शेंगा सोलत राहिला. मग अगदी सहज म्हणाला, "मोबिलला गेलाय. तिथे गोदीत काम मिळालं म्हणाला. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे भाऊ आहेत तिथे, त्यांच्याकडे उतरेल."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्या नवऱ्याला भाऊच नव्हता. आणि तू होतास डेट्रॉइटच्या बसमध्ये, सीमा अजून ओलांडायची होती.

हवालदार म्हणाला, "तू डीकन ना रे चर्चमध्ये? खोटं नाही ना बोलत?"

"चर्चमध्ये डीकन आहे, साहेब," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "म्हणून तर तुम्ही माझ्याकडे विचारायला आलात."

ते गेले दक्षिणेला, समुद्राकडे. मोबिलची गोदी धुंडाळत बसले. तोवर तू उत्तरेला नदी ओलांडून पलीकडे गेलास.

त्या रविवारी तो डीकनांच्या बाकावर बसला नाही. पास्टरांनी विचारलं तर म्हणाला, पाठ दुखते, टेकायला भिंत बरी. घरी परतताना मी त्याला वाटेत धरलं. म्हटलं, "मला खरं सांग." तो म्हणाला, "व्हर्नेल, मी देवाच्या बाकावर बसणारा माणूस, तोंडावर खोटं बोललो. पश्चात्ताप झाला की परत जाऊन बसेन. कोणाला सांगू नकोस, पोरगं अडचणीत येईल."

थर्मन, तो मरेपर्यंत त्या बाकावर परत गेला नाही. याचा अर्थ तूच लाव. दर रविवारी भिंतीशी बसायचा, हातात टोपी. मी पुढून वळून बघायचे. तो भुवई उडवायचा, म्हणजे, अजून नाही झाला.

आता मला हक्काचं शिकवू नकोस. ये.

आत्या


८ मे १९७७

थर्मन,

तब्येत विचारायला आज सवड नाही, सगळे बरे असा.

माझ्या पत्राला उत्तर नाही. पुढचा रविवार तो रविवार. खराटे बांधून झाले, या वर्षी काटक्या मीच तोडल्या. झेनोबिया केक करते आहे. पुरुषांनी दगडासाठी खड्डा आखलाय. सगळ्यांचं सगळं चाललंय, तुझी आई तेवढी आखडत चालली आहे. काल मला म्हणाली, "वन्सं, मी त्यांच्या डाव्या बाजूला बरं का. उजवीकडे झाडाची मुळं आहेत." मी म्हटलं, "अर्लीन, गप बस नाहीतर मीच तुझ्याआधी जाईन, मग रडत बस." ती हसली. तेवढंच काल दिवसभरातलं.

तुला एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी गिरणीतून येताना क्लेबर्न कबरस्तानात शिरला. लांबून मी पाहिलं. कुंपण ओलांडून बाबांच्या कबरीपाशी गेला, खाली बसला, तुकड्यांवर हात धरला. बराच वेळ. हात खाली गेला नाही. मग उठून घरी आला आणि मला म्हणाला, "तो येणार नाही, आत्या. तुम्ही त्याला उगाच मोठा करता. लहानपणापासून प्रत्येक काम याचंच, आणि याच्या नावाने करणारा मी." मी म्हटलं, "मग तुझ्या नावाने त्याला एकदा शिव्या घाल, समोर आल्यावर." तो म्हणाला, "समोर येऊ तर दे."

हे खरं बोलावणं आहे, थर्मन. त्याला दुसरी भाषा येत नाही.

खरा कप माझ्या उशाशी आहे. पोलादी आहे, फुटणार नाही, मी दोनदा पायरीवर आपटून पाहिला, पायरीचाच टवका उडाला. मदर सफ्रोनिया म्हणतात, तळाला भोक पाडलं तरी चालतं, पाणी राहिलं नाही म्हणजे झालं. पण ते भोक थोरल्याच्या हातचं.

शनिवारच्या बसला मी थांब्यावर उभी राहीन. त्याच थांब्यावर. बस आली नाही तर रविवारच्याही. माझ्या पायांना काय, ते नाहीतरी कुठे थांबतात.

आत्या


२३ मे १९७७

बाळ थर्मन,

सुखरूप पोचलास ना? बसमध्ये झेनोबियाने दिलेला केक त्या शेजारच्या माणसाला वाटलास की एकट्याने खाल्लास? मार्वाला माझ्या मिठ्या. टामिकाला सांग, तुझ्या बाबांची आत्या म्हणते तुझं नाक तिच्या भावाचं आहे, फोटो पाहून सांगते, तक्रार चालणार नाही. आणि पोर्तुगीज आजीबाईंना मी बांधून दिलेलं ते औषधी मूळ उकळून दे.

तू इथे होतास, तेव्हाचं मी तुला काही लिहायला नको. पण काही गोष्टी तुझ्या पाठीमागे झाल्या. त्या तू पाहिल्या नाहीस आणि इथलं कोणी तुला सांगणार नाही.

तू कबरीपाशी गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होतास. सगळे खराटे थांबले होते. ऊन तापलं होतं. क्लेबर्न येऊन तुझ्या मागे उभा राहिला आणि त्याची सावली तुझ्यावर पडली. तुला वाटलं असेल ढग आला. ऊन सरकेल तसा तोही सरकत होता, बोटभर, बोटभर. विचारलंस तर म्हणेल, उभं राहायला तेवढीच जागा होती.

मग तू पोलादी कपाच्या तळाला खिळा लावलास आणि खिळाच वाकला. क्लेबर्न काय म्हणाला ते तू ऐकलंसच: "कॅनडात खिळा सरळ मारायला शिकवत नाहीत वाटतं?" आणि स्वतःची छिन्नी पुढे केली. ती छिन्नी गिरणीतली नव्हती. बाबांच्या हत्यारपेटीतली होती. आणि ती त्याने घाईत उचलून आणली नव्हती, सकाळपासून, तुझी बस यायच्याही आधी, त्याच्या रविवारच्या कोटाच्या खिशात होती, खिसा फाटला होता तिच्या वजनाने. म्हणजे तू येणार हे तो धरून चालला होता. झेनोबियाने तो खिसा शिवला आणि मला डोळा मारला.

आता आईचं. ती आली ती खुर्चीत बसून, चार बाप्यांनी उचलून आणली. पांढरा पोशाख अंगावर. मला वाटलं, ही आज इथेच राहायच्या तयारीने आली आहे. तू तिच्या मांडीवर रुमालात तुकडे ठेवलेस. तिने एकेक हातात घेतला, काठाचे निळे तुकडे जुळवले. म्हणाली, "कान कुठाय?"

कपाचा कान. तू परत कबरीकडे गेलास. पानं उलथलीस, माती चाळलीस, कबरीवर मांडलेले शिंपले आणि दिव्याच्या काचा बाजूला केल्यास. क्लेबर्नही गुडघ्यांवर आला. दोघे भाऊ डोक्याला डोकं लावून माती उकरत होतात आणि एकमेकांना, "तिकडे बघ रे," "बघितलं, तूच नीट बघ," करत होतात. तेवढं ऐकूनच मला बसावं लागलं. बसची वेळ झाली, लोकांनी तुला हाका मारल्या. तू हात झटकत उठलास. तुझं तोंड पडलं होतं. "आई, कान नाही सापडला गं," म्हणालास.

"असू दे," ती म्हणाली. "कुठे जातोय."

तू गेलास. बसची धूळ बसली. तिने खुर्ची उचलणाऱ्यांना हाताने थांबवलं, उभी राहिली आणि माझा दंड धरून चालत घरी आली. सावकाश आली, पण आली. घरी आल्यावर क्लेबर्नला पुठ्ठ्याच्या कारखान्यातला डिंक आणायला पाठवलं. तो कप जुळवत बसला, जीभ दातांत धरून, लहानपणी चित्र रंगवायचा तसा. कप जुळला, पण गळतो. तुझी आई त्याखाली बशी धरते आणि कॉफी घाईघाईने पिते, गळायच्या आत संपवायची म्हणून. दोनदा मागून घेते. तिला घाई करताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कालपासून मक्याची भाकरी काकवीत बुडवून खाते आहे. जांभळी टोपी झेनोबियाकडून परत मागितली. झेनोबिया म्हणाली, "घ्या बाई, माझ्या डोक्याला ती मोठीच होत होती."

आज सकाळी तिने मला जवळ बोलावलं. पांढऱ्या पोशाखाची घडी घालत होती, पेटीत ठेवायला. म्हणाली, "वन्सं, कोणाला सांगणार नसाल तर सांगते. कान माझ्या बुटाखाली होता."

मी खाली वाकून तिच्या बुटांकडे पाहिलं.

"खुर्ची खाली ठेवली तेव्हाच दिसला, अगदी पायाशी. मी त्यावर पाय ठेवला आणि दाबला मातीत. तसाही तेवढा यांच्याकडे असू दे, धरायला काहीतरी हवं त्यांनाही. आणि पोरगं काही अर्धवट सोडणाऱ्यातलं नाही, बापावर गेलंय. शोधायला येईल परत."

मी म्हटलं, "अर्लीन, आणि सापडला तर?"

"पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी दाबेन," ती म्हणाली.

तुला लिहू नको म्हणून तिने मला शपथ घातली आहे. एक शपथ मी अ‍ॅम्ब्रोजची पाळली आणि त्यात तू कित्येक वर्षं फुकट जळलास. आता या वयात मला आणखी शपथा पेलत नाहीत. पण तू येशील तेव्हा तुला काही ठाऊक नाही असंच दाखव. गुडघ्यांवर बस आणि शोध. ती खुर्चीतून बघेल. मार्वाला आणि टामिकाला घेऊन ये, पोरीची नजर तीक्ष्ण असेल, तिला बुटाच्या जरा लांबच बसव.

रविवारी चर्चमध्ये क्लेबर्न मागे गेला आणि भिंतीशी, बाबांच्या जागेवर बसला. मी वळून पाहिलं. त्याने भुवई उडवली. त्याला कोणी शिकवलं ते, देव जाणे.

मी अजून अंगणात आत-बाहेर करते, पण आता टपालवाल्यासाठी. तो मला बघून रस्ता बदलायच्या आत एक पत्र टाक. दोन ओळींचं चालणार नाही. टामिकाचे दात आले की नाही ते पहिल्या ओळीत लिही, आणि मे महिन्याची रजा मिळते की नाही ते दुसऱ्या. लवकर लिही, बाळा.

तुझी,
व्हर्नेल आत्या